बायकांच्या रांगेतल्या बाटल्या

समता हाच शाळेचा श्वास आहे, आणि श्वासावाचून जसं शरीर तसा समतेवाचून समाज म्हणजे केवळ कलेवर होय, असं निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. फलक मापापेक्षा जरा लांब आला होता आणि सभागृहाला वारा देणारी एकुलती एक खिडकी त्याच्यामागे झाकली गेली होती. त्यामुळे मार्चातल्या त्या शनिवारी सगळ्यांचाच श्वास कोंडला होता. एवढ्यापुरती तरी समता झाली होती. लिंगसमभावाचं प्रशिक्षण होतं. त्यासाठी शिक्षिकांनी सकाळी लवकर येऊन दारात रांगोळी काढली होती, ठरवून एकाच रंगाच्या साड्या नेसल्या होत्या, औक्षणाचं ताट मांडलं होतं आणि पोह्यांवर खोबरं पेरलं होतं. पुरुष शिक्षकांनी माइक जोडला होता, आणि तो वाजेना तेव्हा सोडवलाही होता. रांगोळीत तराजू होता. नव्यानंच लागलेल्या पिंकी मॅडमनी एका पारड्यात बाई आणि दुसऱ्यात बाप्या काढला होता, पण रेघ जरा कलली आणि बाप्या जड झाला. ती नीट करायला गेल्या तर बाईच पारड्याबाहेर सांडायला लागली. "राहू द्या," बिराजदार बाई म्हणाल्या. "जे आहे ते आलंय. पुसू नका."

बिराजदार बाई म्हणजे निंगव्वा मंजुनाथ बिराजदार, विषय भूगोल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना त्यांनी मान्सूनचे वारे समजावून सांगितले होते, आणि दोन्ही पिढ्या ते विसरून यंत्रमागावर नीट लागल्या होत्या. शाळेत आता त्यांच्याहून जुनं एक मुख्याध्यापक महिपती सर होते आणि एक मैदानातला कडुनिंब. महिपती सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. कडुनिंब मुख्याध्यापक होऊ शकत नसल्यामुळे सेवाज्येष्ठतेनं पुढची पाळी बाईंची होती. ती त्यांना मिळणार नाही हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. कशी मिळणार नाही एवढंच ठरायचं होतं, आणि तेही जवळजवळ ठरलं होतं. आज प्रशिक्षण संपताना संस्थेचे सचिव मानसिंगराव, म्हणजे सगळ्यांचे आबासाहेब, येणार होते, बाईंनी स्वखुशीनं पद सोडल्याचं जाहीर करणार होते आणि आपले पुतणे ऋतुराज सर यांच्या हाती शाळा देणार होते. ऋतुराज बाईंचाच विद्यार्थी. पोरगा वाईट नव्हता. आठवीत असताना कृष्णेची उपनदी विचारली की भीमा सांगायचा आणि भीमेची विचारली तरी भीमाच सांगायचा, एवढाच काय तो दोष.

प्रशिक्षण द्यायला आलेल्या अक्षता मॅडम तरुण होत्या. बाई औक्षणाला पुढे झाल्या तेव्हा त्या संकोचानं मागे सरकल्या. "मॅडम, हे कशाला? आज तरी..." "पद्धत आहे," बाई म्हणाल्या आणि निरांजन ओवाळून मोकळ्या झाल्या. मग सगळे बसले. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. तसं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची बाटली होती. "फार उकडतंय. सुरू करण्याआधी सगळ्यांनी पाणी पिऊन घ्या," मॅडम म्हणाल्या. झाकणं कडकड करत उघडली. उजवीकडून घटघट आवाज आले, एकदोघांना ठसका लागला, कुणीतरी तृप्तीनं "हाऽऽ" केलं. बाईंनीही झाकण उघडलं, बाटली ओठाला लावली, तिरपी केली, खाली ठेवली, पदरानं तोंड टिपलं. आणि मग त्यांची नजर बाटलीवर गेली. पाणी होतं तेवढंच होतं. एक थेंबसुद्धा कमी झाला नव्हता. हातानं आपलं काम केलं होतं, ओठांनी आपलं केलं होतं, पदरानं तर नसलेलं पाणी पुसलंसुद्धा होतं, आणि या सगळ्यात बाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी मान वळवून रांगेकडे पाहिलं. ओळीनं बाटल्या उभ्या होत्या, सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या, झाकणं परत घट्ट. पिंकी मॅडमना तर शाळेत येऊन वर्ष झालं नव्हतं, पण त्यांचीही तशीच. पलीकडे पुरुषांच्या बाटल्या अर्ध्यावर आलेल्या. सह्याद्रीच्या एका बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला पर्जन्यछाया, हे फळ्यावर काढून काढून बाईंचा हात दुखला होता. पण डोंगर मध्ये नसतानाही असं होतं हे त्यांनी आजवर शिकवलं नव्हतं. आणि टेबलापाशी, अक्षता मॅडमनीही आपली बाटली उचलून, ओठाला लावून, जपून खाली ठेवली होती. तीही भरलेलीच होती.

मॅडम बोलत राहिल्या, आणि बाईंच्या कानावर ते येत राहिलं, पण लेझीम वाजावी तसं. लेझीम त्यांना उगाच आठवली नव्हती. मंद्रूपहून एसटीनं त्या पहिल्यांदा या शाळेत आल्या तेव्हा नवीन लग्न, नवीन नोकरी आणि नवीन चपला, तिन्ही लागत होती. दुपारी त्यांनी कुणाला तरी हळूच विचारलं, आणि त्या कुणीतरी हळूच बोट दाखवलं. इमारतीच्या टोकाला एक दार होतं. चित्रकलेच्या सरांनी त्यावर सुंदर वळणदार अक्षरात "स्त्रियांसाठी" असं लिहून भोवती वेलबुट्टी काढली होती. आत लेझीम होती. लेझीम, डंबेल्स, एक ढोल, प्रजासत्ताकदिनाचा भारतमातेचा पत्र्याचा मुकुट आणि फुटलेल्या बाकांचे पाय. बाई बराच वेळ त्या ढोलाकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या नाहीत. त्या वयात काय म्हणून जाणार? "सर, मला लेझमीच्या खोलीबद्दल बोलायचंय" असं सुरू तरी कसं करणार? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचा चहा बंद केला. तिसऱ्या दिवशी हिंदीच्या रेश्मा बागवान बाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या आणि कानाशी म्हणाल्या, "क्या गे, मंद्रूप का पानी इतना मीठा था क्या, इधर का पीतीच नै?" निंगव्वा लाजली. "लाज मत. चल, नकाशा लाने जाते." कुठला नकाशा, हे तिला कळेना. "मधल्या सुट्टीत भूगोलाचा नकाशा आणायला लागतो. तो मोठा असतो. धरायला दोघी लागतात. ऐसा बोलने का. समझी क्या?"

नकाशा नरसक्काच्या घरी होता. शाळेमागच्या बोळात, चार घरं सोडून. नरसक्काचा नवरा मागावर जायचा, ती दारात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीनं एकसारखी कापलेली पानं. बोटं इतकी झरझर चालायची की ती बोलताना हाताकडे बघायचीच नाही, तोंडाकडे बघायची. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, कोंबड्यांशी दोन्ही. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तुमी बाया शिकवता म्हणं शाळेत. शाळेला बाथरूम न्हाय व्हय?"

"आहे की."

"मग?"

"त्यात लेझीम आहे," निंगव्वा म्हणाली.

नरसक्काचा विडीवरचा हात थांबला. त्या दिवशी पहिल्यांदा. मग ती अशी हसली की सुपातली तंबाखू उडून तिघींना शिंका आल्या, आणि तेव्हापासून घरात कुणी रुसलं, कुणी अडून बसलं, की ती म्हणायची, "ह्याच्यात लेझीम हाय." तिच्या अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याचं दार असलेली एक मोरी होती. तिथून परत आलं की ती पितळी तांब्या पुढं करायची. "पाणी पी की बाई. पिल्याबिगर सोडणार न्हाय मी. पी, उद्या परत येशील." ते पाणी! माठातलं, तंबाखूचा किंचित वास असलेलं, आणि मागून मागांचा खटखट आवाज, शेजारच्या घरातल्या रेडिओवर कानडी गाणं. दिवसाचं पहिलं पाणी तेच. बाई अजून कधी कधी रात्रीच्या स्वयंपाकात तांब्या हातात घेऊन थबकतात, तो वास येतोय का बघतात. तिथेच रेश्माबाईंनी निंगव्वाला शिकवलं, की वार्षिक तपासणीला इन्स्पेक्टर आला की त्याच्याकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघायचं, म्हणजे त्याला आपण अदबीनं वागतोय असं वाटतं आणि आपल्याला हसू येत नाही. तिथेच निंगव्वानं तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा सांगितलं की दिवस गेलेत, आणि नरसक्कानं तिला रोज दोनदा पाणी पाजायला सुरुवात केली. त्या वर्षी नकाशे फार आणावे लागले. जुने मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "बिराजदार बाई, जग एकच आहे ना? मग नकाशे इतके कसे?" आणि तंबाखूच्या वासाचं तर काय सांगावं. एका साहेबांनी तपासणीत नाक वर करून वास घेतला आणि बाकीच्यांना बाजूला नेऊन विचारलं की या दोघी बायका ओढतात की काय. पुरुष शिक्षकांनी शपथेवर सांगितलं की नाही. त्यांच्या बाजूनं पुरुष मंडळी बोलल्याचा तो एक प्रसंग.

रेश्माबाई मुख्याध्यापिका व्हायच्या होत्या. बाईंच्या आधी त्यांची पाळी. त्याही वेळी संस्थेचे लोक घरी आले, त्याही वेळी तब्येत, संसार, मुलीचं लग्न, आणि "बाई, तुमी तर आमच्या संस्थेच्या आई" हे सगळं झालं. संस्थेत ही पद्धतच आहे. जी बाई पद सोडते तिचा जाहीर सत्कार होतो: शाल, श्रीफळ आणि इरकल साडी. साडी आधीच घेऊन ठेवलेली असते, कारण इतर काही होईल असं कुणाच्या मनातही येत नाही. रेश्माबाईंचा सत्कार झाला, महिपती सर मुख्याध्यापक झाले, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघी नकाशा आणायला गेल्या. नरसक्कानं साडी हातात घेऊन काठ चोळून पाहिला. विणकराच्या घरात साडीची पारख विचारावी लागत नाही. "रंग पक्का हाय," ती म्हणाली. "व्हय," रेश्माबाई म्हणाल्या. "रंग पक्का है. निकलताच नै." माग खटखटत राहिले. पुढे रेश्माबाई निवृत्त झाल्या, मुलीकडे विजापूरला गेल्या, अजून सणाला फोन येतो, "क्या गे, पानी पीती क्या?" आणि बाई खोटं सांगतात. नरसक्काची मंडळी कुंभारीकडच्या घरकुलात राहायला गेली. बोळातल्या घरी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला मुलगा चांगला आहे, पण त्याला कसं सांगणार की मला नकाशा पाहिजे.

त्यानंतरची वर्षं बाईंना वेगवेगळी आठवत नाहीत. कोरडी आठवतात. शाळेत बरंच काही नवं आलं. संगणक आले. खिचडी आली, आणि मुलांना वाढण्याआधी ती शिक्षकानं चाखून बघायची असा नियम आला, तेव्हा चाखायचं काम बायकांकडे आलं. मुलींच्या वेण्या, मुलींचं रडणं, सावित्रीबाईंच्या जयंतीची भाषणं, उलटी झालेल्या पोराला घरी पोचवणं, हेही आपसूक आलं. पुरुषांकडे ऑफिस, संगणक, बँक आणि साहेबांना स्टेशनवरून आणायला जाणं. कुणी वाटून दिलं नव्हतं. पाणी उतारानं जावं तसं कामं गेली. मागच्या बाजूला नवं स्वच्छतागृहही बांधलं गेलं, उद्घाटनाला फीत कापली गेली. फक्त तिथे जायचं तर मैदान ओलांडून सगळ्या वर्गांच्या खिडक्यांसमोरून जावं लागे, आणि नववी-ब मधून हमखास कुणीतरी खोकायचं. बाईंना मूतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसात पाणी किती पिता?" बाई म्हणाल्या, "संध्याकाळी पिते." डॉक्टर हसले. "शिक्षिका आहात ना? विषय काय?" "भूगोल," बाई म्हणाल्या. "जलचक्र." त्या दिवशी त्यांना स्वतःचाच राग आला होता, तो घरी येईपर्यंत टिकला नाही.

मागच्या आठवड्यात मानसिंगराव घरी आले तेव्हा बाईंचे यजमान मंजुनाथही होते. मंजुनाथ रेल्वेत होते, होटगी जंक्शनला. निवृत्त होऊन आता अंगणात खुर्ची टाकून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखतात. "याके बेकु?", म्हणजे कशाला पाहिजे, हे त्यांचं जगण्याचं तत्त्वज्ञान. नवा फ्रिज म्हटलं, याके बेकु? सहल म्हटलं, याके बेकु? ते आयुष्यभर चालत आलं, कारण त्यात कधी वाईट हेतू नव्हता.

"बाई," मानसिंगराव बशीत चहा ओतून म्हणाले, "तुमी आमच्या संस्थेच्या आई हाय. आईला खुर्ची लागत न्हाय."

"तुमच्या आईला लागत नव्हती?" बाईंनी विचारलं.

मानसिंगराव मनापासून हसले. चांगला माणूस. गावात दोन शाळा काढल्या, पोरींना सायकली दिल्या. "आता दोनच वर्षं राहिली. बीपी हाय. ऑनलाइन माहिती भरायची, साहेबांचे फोन घ्यायचे, पालक भांडायला येत्यात. तुमचा जीव कशाला घालायचा? पोरगं करंल की. तुमी सांगाल तसंच करंल."

मंजुनाथ म्हणाले, "खरंय. याके बेकु?"

"बघू की," बाई म्हणाल्या. त्यांनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या. आतून ऐकू आलं, मानसिंगराव समाधानानं म्हणत होते, "झालं, ऐकलं त्यांनी. शिकलेल्या बाईचं बरं असतं." बाई कप विसळत राहिल्या. "बघू की" म्हणजे काय, याचा त्यांनी स्वतःशीही विचार केला नाही. त्या दोन शब्दांवर त्यांनी सासर, शाळा, दोन बाळंतपणं आणि सात मुख्याध्यापक निभावले होते. ते म्हटलं की समोरचा आपल्याला हवं ते ऐकून निघून जातो आणि आपल्याला थोडा वेळ शांत बसता येतं.

"...तर आता प्रत्येकानं स्वतःला विचारायचं," अक्षता मॅडम सांगत होत्या, "की माझ्या कामाच्या जागी मी रोज कुठली गोष्ट करत नाही, केवळ मी स्त्री आहे किंवा पुरुष आहे म्हणून?" पुरुषांच्या रांगेतून उत्तर आलं, "मॅडम, आम्ही रडत नाही." हशा झाला. बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं. पहिला घोट कोरड्या जिभेवरून असा गेला की त्यांनी डोळे मिटले. तंबाखूचा वास नव्हता, माग नव्हते, पितळेचा गारवा नव्हता. प्लास्टिकची चव होती. तरी त्यांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. घशाखाली उतरणारं पाणी छातीपर्यंत कळत होतं, उन्हाळ्यात तापलेल्या अंगणात बादली ओतावी तसं. शेजारून पिंकी मॅडमनी त्यांचा दंड धरला. "बाई! काय करताय? अजून जेवण व्हायचंय, मग आबासाहेबांचं भाषण आहे!" आवाजात खरी घाबरगुंडी होती, जणू बाई सभागृहात झोपेच्या गोळ्याच घेत होत्या. "पिते जरा," बाई म्हणाल्या आणि उरलेली बाटली संपवली. मग हात लांब करून पिंकी मॅडमची न प्यायलेलीही घेतली. "बाई, नका," पिंकी मॅडम कुजबुजल्या, "मी तर सकाळी सहापासून..." आणि वाक्य अर्धंच राहिलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. चोविशीची पोर. हातावर रांगोळीचा रंग अजून तसाच होता. रेश्माबाई आपल्याला म्हणाल्या होत्या तसं "चल" त्यांनी तिला म्हटलं नाही. म्हणायला कुठलं घरच उरलं नव्हतं. त्यांनी दुसरी बाटलीही प्यायली.

मानसिंगराव ठरल्यापेक्षा उशिरा आले आणि ठरल्यापेक्षा जास्त बोलले. माइक आता चालू होता. त्यांनी जिजाऊंपासून सुरुवात केली. स्त्री ही शक्ती आहे, स्त्री ही भक्ती आहे, दोन्ही हातांनी सांगितलं. बाई त्या वेळी वेगळ्याच शक्तीशी झगडत होत्या. आधी पोटात नुसतं जड वाटलं. मग ते जडपण खाली उतरलं आणि जागा धरून बसलं. जिजाऊंपासून सावित्रीबाईंपर्यंत यायला मानसिंगरावांना जितका वेळ लागला, तितक्यात बाईंचे पाय एकावर एक टाकून झाले, काढून झाले, परत टाकून झाले. घाम कानामागून ओघळत होता. कितीतरी वर्षांनी या इमारतीत त्यांच्या अंगात पाणी होतं, आणि ते कुणाचं ऐकायला तयार नव्हतं. "आणि त्यागाची हीच परंपरा," मानसिंगराव म्हणाले, "आमच्या बिराजदार बाईंनी चालवली हाय. सेवाज्येष्ठतेनं मुख्याध्यापकपद त्यांचं. पण संसार, तब्येत यांचा विचार करून, स्वखुशीनं..." टाळ्या सुरू झाल्या. ताटात इरकल साडी घेऊन पिंकी मॅडमच पुढे येत होत्या. ताट बायकांनीच आणायचं असतं. "बाई, दोन शब्द बोला."

बाई उभ्या राहिल्या. एरवी त्यांनी माइक धरला असता, गळा साफ केला असता, संस्थेचे उपकार, सहकाऱ्यांचं प्रेम, वयोमान, "बघू की"ची सगळी मऊ कापसाची घडी उलगडली असती, आणि ती उलगडता उलगडता पद हातातून निसटून गेलं असतं. पण त्या घडीला वेळ लागतो. बाईंकडे वेळ नव्हता.

"आबासाहेब," त्या म्हणाल्या, "मी नाही म्हटलेलं नाही. पाळी माझी आहे. मी घेते."

सभागृहात फलक फडफडल्याचा आवाज आला, एवढा थोडासा वारा त्याच्यामागे होता. मानसिंगराव हसण्याच्या बेतात होते, ते तिथेच थांबले. "बाई, आपलं बोलणं झालं हुतं की."

"तुमचं झालं होतं. माझं राहिलं होतं."

"अवो, दोन वर्सांसाठी..."

"दोन वर्षं दोन वर्षांएवढी असतात, आबासाहेब."

"आन् साडी?" हे मानसिंगरावांच्या तोंडून निघून गेलं, ते स्वतःच गोंधळले.

"महिपती सरांना द्या. निवृत्त ते होतायत. वहिनी नेसतील."

बायकांच्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं आणि तोंडावर पदर घेतला. महिपती सरांनी साडीकडे पाहिलं, खरंच घ्यावी की काय अशा नजरेनं. पिंकी मॅडम ताट धरून मध्येच उभ्या होत्या. डोळे असे भरून आलेले की निरांजन असतं तर विझलं असतं. "बाई," मानसिंगराव आवाज उतरवून म्हणाले, "घाईनं बोलू नका. विचार करा, आन् सोमवारी..."

"केला," बाई म्हणाल्या. "घाई तर आहेच."

आणि त्या चालायला लागल्या. खुर्च्यांच्या मधून, तराजूची रांगोळी वाचवत, सगळ्या माना त्यांच्याबरोबर वळत असताना. कुणीतरी टाळी वाजवली, एकच, मग बायकांच्या रांगेतून दुसरी, तिसरी. अक्षता मॅडम उभ्या राहिल्या होत्या. दारात ऋतुराज माइकची वायर गुंडाळत उभा होता. त्याचा चेहरा पडला होता, पण त्यानं वायर खाली ठेवली, हात जोडले आणि खाली वाकून पाया पडला. "बाई, अभिनंदन. मनापासून. मला आतून वाटतच होतं, हे तुमचंच आहे. काकांना मीच सांगणार होतो." सगळं सभागृह कान देऊन ऐकत होतं. नव्या मुख्याध्यापिका आपल्या जुन्या विद्यार्थ्याला पहिलं वाक्य काय बोलतात याची वाट बघत पुरुषांच्या रांगेतल्या एकानं तर मोबाइल वर धरला होता. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा घाईच्या आवाजात म्हणाल्या,

"ऋतुराज, मागच्या बाथरूमपाशी जरा दार धरून उभा राहतोस का? आतून कडी लागत नाही."